माणूस सैरभैर झालंय, विमा नाही, जायचं कुठे?

रात्री अकरानंतर देवळालीच्या लॅम रोडवर रिक्षा मिळाली तर मिळाली. घरात कुणाच्या छातीत दुखायला लागलं, तर आपण शेजारच्यांचं दार बिनदिक्कत ठोठावतो, त्यांना गाडी काढायला लावतो. पण तरणाताठा मुलगा चार रात्री झोपलेला नाही आणि भिंतीकडे बघून कुणाशी तरी बोलतोय, किंवा सून 'मला आता नको झालंय सगळं' म्हणत आतून कडी लावून बसली आहे, अशा वेळी हात शेजारच्या दारापर्यंत जातो आणि मागे येतो. लोक काय म्हणतील, हे एक. दुसरं म्हणजे आपल्याकडे ना मेडिक्लेम ना कंपनीचं कार्ड. मोठ्या दवाखान्यात नेलं तर बिल किती येईल, याचा हिशेब डोक्यात सुरू होतो. मग 'सकाळी बघू' असं ठरतं.

ही दिरंगाई महागात पडते, आणि पैशाच्या धास्तीने तर ती करूच नये. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी, १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. केसपेपर, तपासण्या, अ‍ॅडमिट होणं, सगळं. नाशिकचं त्र्यंबक रोडवरचं, गोल्फ क्लब मैदानाजवळचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सगळे 'सिव्हिल' म्हणतो, ते यातच येतं. तिथे मनोविकार विभाग आहे आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही तिथूनच चालतो. शिवाय २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या ठिकाणी मानसिक आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना व निराधारांना ते मोफतच द्यावे लागतात. विमा असणाऱ्यांचा तरी काय मोठा फायदा होतो? मानसिक आजारात बहुतेक खर्च ओपीडीचा आणि गोळ्यांचा, आणि तो सहसा पॉलिसीत बसत नाही.

तेव्हा माझ्या मते पैसा ही दोन नंबरची अडचण आहे. टंचाई आहे ती आस्थेची. ती मात्र फुकट असूनही आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी थोडी तयारी करावी लागते आणि थोडा ताठ कणाही लागतो.

घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये एक नंबर आजच टाकून ठेवा: १४४१६. ही टेली-मानस सेवा. केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिच्या मुळाशी आहे. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात आणि गरज दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांना जोडून देतात. फोन पहिल्या झटक्यात लागला नाही तर पुन्हा लावायचा. इतर हेल्पलाइनही आहेत, पण भांबावलेल्या माणसाला दहा नंबरांची यादी देऊन उपयोग नसतो, म्हणून मी एवढा एकच सांगते. फोनवर आपली माणसं लग्नापासूनचा इतिहास सांगायला लागतात. तो नंतर सांगा. आधी एवढंच: माणूस आत्ता कुठे आहे, जिवाला धोका आहे का, आणि पोटात काही गेलंय का, दारू, गोळ्या, फवारणीचं औषध, काहीही. घरातल्यांनी बोललं तरी चालतं. रुग्णानेच बोललं पाहिजे असं नाही.

जिवावर बेतण्यासारखं असेल तर मात्र समुपदेशन बाजूला, सरळ १०८. ही रुग्णवाहिका मोफत आहे. माणूस हिंसक झाला असेल किंवा घरातून निघून गेला असेल तर ११२. काही गिळल्याचा नुसता संशय असला, तरी 'आता बरा दिसतोय' म्हणून थांबू नका. काही विषांचा असर दोन-तीन दिवसांनी दिसतो आणि तोवर उशीर झालेला असतो. मीठपाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढायची नाही. बाटली, पुडी, रिकामी स्ट्रिप, जे सापडेल ते बरोबर घ्यायचं. भगूर, लहवित, वडनेरच्या मळ्यांत द्राक्षाची औषधं घरातच कोनाड्यात ठेवलेली असतात. घरात कुणाची मनःस्थिती ठीक नसेल त्या दिवसांत ती शेजाऱ्याकडे कुलपात जाऊ द्या. घरातल्या गोळ्यांचा डबाही. संकटाची लाट बऱ्याचदा काही तासांची असते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानेच कित्येक जीव वाचतात.

आणखी एक गोष्ट, जी घाईत निसटते. कालपर्यंत ठणठणीत असलेला माणूस काही तासांत असंबद्ध बोलू लागला, घरच्यांना ओळखेनासा झाला, तर ते 'डोक्यावर परिणाम' असेलच असं नाही. साखर एकदम उतरलेली असते, ताप मेंदूत गेलेला असतो, म्हाताऱ्या माणसांत सोडियम घसरलेलं किंवा लघवीचं इन्फेक्शन झालेलं असतं. रोज पिणाऱ्याने अचानक दारू सोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातपाय थरथरतात, भिंतीवर किडे दिसायला लागतात. घरच्यांना वाटतं, सुटली एकदाची, आणि नेमका तेव्हाच जीव धोक्यात असतो. ही सगळी आधी कॅज्युअल्टीची कामं. नव्या बाळंतिणीची झोप पूर्ण उडाली, ती बाळाबद्दल भलतंसलतं बोलू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा; 'ओली बाळंतीण आहे, वारं लागलं असेल' म्हणत अंगारा शोधत बसायचं नाही.

गाडी येईपर्यंत घरात काय करायचं? गर्दी हटवायची. टीव्ही बंद. एकानेच बोलायचं, ज्याचं तो ऐकतो त्याने. बहुतेक घरांत ती मावशी किंवा आजी असते. 'मनाला एवढं लावून घेऊ नकोस', 'लोकांना बघ किती दुःखं असतात', 'तुझ्यासाठी आम्ही काय कमी केलं' ही तीन वाक्यं गिळून टाका. 'पाणी देऊ का?', 'मी इथेच बसते' हे पुरतं. कानात आवाज येतात म्हणाला तर वाद घालू नका. 'मला ऐकू येत नाहीत, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय' एवढं म्हणता येतं. आणि सरळ विचारा: 'जीव द्यायचा विचार मनात येतो का?' विचारल्याने तसं काही डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं यानेच हायसं वाटतं, हे मानसोपचारतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. उत्तर हो आलं, तर त्या माणसाला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही.

आता कुठे न्यायचं. देवळाली कॅम्पात कॅन्टोन्मेंट बोर्डाचं जनरल हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहे, आणि पहिली धाव तिथे घ्यायला हरकत नाही. 'इथे मानसोपचारतज्ज्ञ नाहीत' असं उत्तर कुठेही मिळालं, तरी तेवढ्यावर परतू नका. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९४ सांगतं की तातडीच्या वेळी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मानसिक आजाराचे उपचार सुरू करू शकतो, जास्तीत जास्त ७२ तास किंवा तज्ज्ञांकडे तपासणी होईपर्यंत, आणि पुढच्या ठिकाणी नेण्याची सोय हाही त्याच उपचाराचा भाग आहे. म्हणजे आधी नाडी, बीपी, साखर बघणं, गरज असेल तर शांत करणारं इंजेक्शन, आणि मग सिव्हिल. माणूस जरा निवळलेला असेल आणि दिवस उगवला असेल, तर सरळ सिव्हिलच्या ओपीडीत सकाळी लवकर जा. नऊनंतर केसपेपरची रांग पायऱ्यांपर्यंत येते.

रांगेत उभं राहण्याआधी एक कागद लिहून खिशात ठेवा. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरसमोर पुढचे तीस रुग्ण असतात. त्याला तुमची पाच मिनिटं नीट मिळाली तर तो आस्थेने बघतो, हे मी अनेकदा पाहिलंय. कागदावर असं काही हवं: 'सोमवारपासून झोप नाही. जेवण बंद, फक्त चहा. कानात आवाज येतात म्हणतो. शनिवारी दारू घेतली. पाच वर्षांपूर्वी असंच झालं होतं, तेव्हा ओलान्झापिन चालू होती, बरं वाटलं म्हणून वर्षभरात आम्हीच बंद केली. शुगर नाही, थायरॉइड नाही.' 'आम्हीच बंद केली' हे लपवू नका, त्यावर औषध ठरतं. जुन्या चिठ्ठ्या, स्ट्रिपा, आधार, रेशनकार्ड, मोबाइलचा चार्जर, पाण्याची बाटली, एक चादर. दागिने घरी. आणि बरोबर दोन माणसं: एक रांगेत, एक रुग्णाजवळ. त्याला बाकावर एकटं बसवून दोघंही खिडकीशी गेलात की तो उठून चालू लागतो.

पोलिसांचं नाव निघालं की बरीच घरं माघार घेतात. जीव देण्याचा प्रयत्न झाला असेल तर रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब घ्यायला माणूस येतो, हे खरं. पण मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच कायदा मानून चालतो. त्याच्यावर खटला नाही, शिक्षा नाही, उलट त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य. दंड संहितेतलं जुनं ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत आलेलंच नाही. तेव्हा 'पोलीस केस आहे, आधी कागद आणा' असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की उपचार आधी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात हे सांगून ठेवलंय.

अ‍ॅडमिट करायचं म्हटलं की 'आता याला ठाण्याला टाकणार' अशी भीती डोळ्यात दिसते. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बहुतेक रुग्णांना तिथवर जावंच लागत नाही. सामान्य रुग्णालयातल्या काही दिवसांच्या मुक्कामात वादळ शमतं. रुग्णाला समजत असेल तर तो स्वतःच्या सहीने दाखल होतो आणि स्वतःच्या सहीने बाहेर येतो. त्याला समजण्याच्या पलीकडे गेलेलं असेल तर त्याने नेमलेल्या किंवा कायद्याने ठरणाऱ्या प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, तेही पहिल्यांदा तीस दिवसांपर्यंतच. बेड्या-साखळ्या घालायला कायद्याने बंदी आहे, आणि भूल न देता शॉक देण्यालाही. बरा असताना माणसाने आपला प्रतिनिधी कोण हे साध्या कागदावर लिहून सही करून ठेवलं, तर ऐन वेळी भाऊ आणि बायको यांच्यात ओढाताण होत नाही.

देवळालीत फौजी घरं पुष्कळ. सेवेतल्या जवानांना आणि त्यांच्या कुटुंबांना मिलिटरी हॉस्पिटल, माजी सैनिकांना ईसीएचएस, हे ठाऊक असतंच. ठाऊक नसतं ते हे की सैन्यदलांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष पुण्याच्या आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. 'युनिटला कळेल, प्रमोशन अडेल' या धास्तीने गप्प बसणारी माणसं मी पाहिली आहेत. अशांच्या बायकांना मी म्हणते, निदान तुम्ही तरी १४४१६ फिरवा. याच गावात ब्रिटिशांचे सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने रिकामे पडून राहायचे, हिवतापाने आणि दारूने खचायचे, आणि त्यावरून देवळालीचं नाव इंग्रजी बोलीत वेडेपणासाठी रुळलं. थट्टा झाली, त्यांच्या मनाची विचारपूस मात्र कुणी फारशी केली नाही.

सिव्हिलमध्ये नाहीच जमलं तर? आडगावला डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, घोटीकडे धामणगावला एसएमबीटी. शिकवणाऱ्या रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो आणि खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी. धर्मादाय ट्रस्टची जी रुग्णालयं आहेत, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता आधी दाखल करून घेणं हेही त्यात आलं. काउंटरवर हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही. 'समाजसेवा अधिकारी कुठे बसतात?' असं विचारा. बिलिंगच्या खिडकीशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नसेल तर तो संकट येण्याआधी काढून ठेवा, कशाला ना कशाला लागतोच. आयुष्मान कार्डातही मानसिक आजाराची पॅकेजं आहेत. ती कुठे चालतात हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायचं.

खासगी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचंच असेल तर लाज बाजूला ठेवून पहिल्याच भेटीत सांगा: 'डॉक्टर, महिन्याला गोळ्यांवर एवढेच रुपये जाऊ शकतात.' त्याने औषधाची निवडच बदलते. चांगला डॉक्टर हे ऐकून तोंड वाकडं करत नाही. स्वस्त आणि जुनं, गुणकारी औषध लिहितो, आणि जनऔषधी केंद्रात मिळेल असं नाव घालतो. न सांगता घरी येऊन गोळी अर्धी करणारे मात्र आजार उलटवून घेतात. डॉक्टर आस्थेचा आहे की नाही हे ओळखायला डिग्रीची पाटी पुरत नाही. तो रुग्णाशी बोलतो की फक्त बरोबरच्या माणसाशी, तेवढं बघा. आजाराचं नाव सांगतो का, गोळीने झोप येईल, वजन वाढेल हे आधीच सांगतो का, पुन्हा कधी यायचं ते लिहून देतो का.

आणि कुठे जाऊ नये, हेही. 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणारा कुणीही. नाव नसलेली पावडर देणारा. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेऊन घरच्यांना भेटू न देणारं, रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणारं 'केंद्र'. मानसिक रुग्ण ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते; दाखला दाखवा म्हणायला घाबरू नका. नवस, दर्गा, देवीचं दर्शन यांना माझा विरोध नाही, मन थाऱ्यावर येत असेल तर जरूर जा, पण गोळी चालू ठेवून. अंगात भूत आहे म्हणून मारणारा, साखळीने बांधणारा भगत मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हेगार आहे.

वादळ शमून माणूस घरी आला की खरं काम सुरू होतं, आणि इथे दवाखान्यापेक्षा शेजार उपयोगी पडतो. आपल्याच जिल्ह्यात याचा प्रयोग झालेला आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने २०१३ च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत 'आत्मीयता' नावाचा प्रकल्प राबवला. गावातलीच विश्वासू माणसं निवडली, त्यांना ऐकून घ्यायला शिकवलं. ती माणसं त्रासलेल्याच्या ओट्यावर जाऊन बसायची, चार-सहा भेटींत त्याचं दुखणं हलकं करायची, आजार गंभीर दिसला तर डॉक्टरकडे पाठवायची, आणि अडलेली पेन्शन किंवा सरकारी योजनेचा फॉर्म भरायलाही मदत करायची. मला यातला शेवटचा भाग फार शहाणपणाचा वाटतो. बऱ्याच घरांत निराशेच्या मुळाशी थकलेलं कर्ज आणि अडलेला कागद असतो, आणि त्यावर नुसती गोळी काय करणार? पुढे हाच प्रकल्प गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर नेला. आपल्या गल्लीत महिला मंडळ आहे, भजनी मंडळ आहे, माजी सैनिकांचा कट्टा आहे. दोन-तीन माणसांनी आळीपाळीने जाऊन बसायला संस्थेची परवानगी लागत नाही.

सांभाळणाऱ्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मूळचे धुळे जिल्ह्यातले आणि कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक राहिलेले जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली आणि 'देवराई' (२००४) या चित्रपटाची निर्मितीही केली. या संस्थेच्या स्वमदत गटांत रुग्णांचे आई-बाप, भाऊ-बहिणी एकमेकांसमोर मोकळं बोलतात. नाशिकला असा गट शोधायचा तर सिव्हिलच्या मनोविकार विभागातल्या सामाजिक कार्यकर्त्याला विचारा. नसेल, तर तिथल्याच बाकावर दर महिन्याला भेटणारी चार घरं एकमेकांचे नंबर घेऊ शकतात.

डिस्चार्जच्या वेळी तीन गोष्टी हातात असल्याशिवाय वॉर्ड सोडू नका: डिस्चार्ज कार्ड, पुढची तारीख, आणि त्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या. गोळ्या कमी दिल्या असतील तर तिथेच सांगा. बरं वाटायला लागल्यावर औषध सोडण्याचा मोह पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो, म्हणून गोळी कुणाच्या तरी देखत घेतली जावी. आणि स्ट्रिपमध्ये आठवड्याच्या गोळ्या उरल्या की नाशिकची चक्कर ठरवायची, संपल्यावर नाही. रविवारी आणि सणाच्या दिवशी ओपीडी बंद असते.